हिरव्या मशीनची शिट्टी

आमच्या गल्लीत व्हॅक्युम क्लीनर दुरुस्त करणारा एक गृहस्थ आहे, त्याला सगळे कानसेन म्हणतात. हे नाव कोणी ठेवलं यावरून माझं आणि समोरच्या सलूनवाल्याचं अजून भांडण चालू आहे. तो म्हणतो त्याने, मी म्हणतो मी. ज्याचं नाव आहे तो कोणाचीच बाजू घेत नाही. घेतली असती तर एकाचा चहा तरी बंद झाला असता.

त्याचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक लांबट खोली. रुंदी इतकीच की दोन अंगाने भरलेली गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाला पाठमोरं चालत बाहेर यावं लागतं. दोन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर मशीनं. एखादं उभं, एखादं आडवं, एखाद्याची नळी लोंबतेय, एखाद्याचं पोट उघडं. आत शिरलं की आधी रबराचा वास येतो, मग तापलेल्या मोटारीचा, आणि त्याच्या मागे जुन्या धुळीचा. अगदी शेवटी खिडकी, खिडकीखाली शिवणाचं मशीन, आणि त्यावर वहिनी, म्हणजे कानसेनची बायको. जुन्या व्हॅक्युमना लागणाऱ्या कापडी पिशव्या आता बाजारात मिळत नाहीत, त्या वहिनी शिवून देतात. पुढे नवरा, मागे बायको आणि मधे दुनियेची धूळ, असा दोघांचा संसार.

आता थोडं त्याच्या कामाबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. व्हॅक्युम हा सगळा हवेचा कारभार. मोटार हवा ओढते, हवेबरोबर धूळ येते, धूळ पिशवीत अडकते आणि हवा मागच्या जाळीतून बाहेर पडते. हे नीट चालायचं तर वाटेत कुठे फट नको. म्हणून झाकणाच्या कडेला रबराचं सील असतं, पिशवीच्या तोंडाला एक असतं, मोटारीपाशी एक. रबर म्हातारं झालं की कडक होतं, आक्रसतं, त्याला भेगा पडतात (हसू नका, मी रबराबद्दलच बोलतोय). त्या भेगेतून हवा चोरवाट काढते आणि जाताना बारीक शिट्टी मारते. ती शिट्टी पकडली की निम्मं काम झालं.

बाकीचे कारागीर शिट्टी शोधायला मशीनवर ओणवे होतात, बॅटरी मारतात, बोटं फिरवतात. हा गडी बटण दाबायचा, मशीनकडे पाठ करायचा, दारात येऊन उभा राहायचा आणि डोळे मिटायचा. एखादा गाण्याच्या मैफलीत बसतो तसा. मग मान न वळवता सांगायचा, "झाकण. कडीच्या बाजूला." उघडून बघावं तर कडीच्या बाजूलाच केसाएवढी चीर.

त्याच्या कानांचा गल्लीत असा दरारा होता की वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई नवऱ्याला झापायच्या आधी खिडकी लावून घ्यायच्या. सलूनवाला कोणाच्या घरातलं काही सांगायचं झालं की वस्तरा हवेत धरून आधी रस्त्यापलीकडे बघायचा, आणि मगच गिऱ्हाइकाच्या कानाशी लागायचा. बिचाऱ्याचा निम्मा धंदा गप्पांवर, त्यामुळे त्याची फार पंचाईत व्हायची.

तर अशा माणसाचे कान गेले.

एकदम गेले असते तर लगेच कळलं असतं. पण त्याचे वरचे, बारीक आवाज आधी गेले. मोटारीची घरघर ऐकू येत होती, रस्त्यावरचे ट्रक ऐकू येत होते, माझा आवाज तर येतच होता. माझा आवाज भिंतींनाही नकोसा होतो असं आमच्या घरी म्हणतात. फक्त किटलीची शिट्टी, सायकलची घंटी, नातीने मांडीवर बसून केलेली कुजबुज, एवढंच हळूहळू पुसलं गेलं. आणि पुसलेलं दिसत नाही, तीच तर गोम आहे.

एकदा मी आणि सलूनवाला चहाला त्याच्याकडे गेलो होतो. वहिनी मागून ओरडल्या, "अहो, किटली केव्हाची बोंबलतेय! तुमच्या कोपरापाशी आहे ती!"

हा म्हणाला, "बोंबलू दे. दमेल आपोआप."

सलूनवाला म्हणाला, "वहिनी, हा नवऱ्यांचा जुना आजार. बायको आणि किटली सोडून सगळं ऐकू येतं."

सगळे हसले. तोही हसला, सगळ्यांच्या मागून, आमच्या तोंडाकडे बघत. थट्टेत किती काय खपून जातं!

त्याच सुमारास त्याची ताई हिरवं मशीन घेऊन आली.

ताई म्हणजे त्याची मोठी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला वाढवलं. पुढे पहिल्या नोकरीतून तिने हे मशीन घेतलं होतं. लांबोडका पत्र्याचा देह, हिरवा रंग, खाली दोन घसरपट्ट्या, वर चकचकीत कडी, आणि नळीला विणलेल्या सुताचं वेष्टण. घरी आणल्याच्या दुसऱ्याच दिवशी धाकट्या भावाने त्याचे सगळे स्क्रू काढून ते जमिनीवर मांडून ठेवलं. ताईने आल्याबरोबर एक सणसणीत ठेवून दिली आणि म्हणाली, "आता जसं होतं तसं कर. झाल्याशिवाय जेवण नाही." संध्याकाळी मशीन चालू झालं. कानसेनचं शिक्षण विचारलं तर तो अजून हेच सांगतो: एक थप्पड आणि एक मशीन.

या खेपेला मशीन आणायचं कारण वेगळं होतं. ताईचे यजमान, ज्यांना हा दाजी म्हणतो, आयुष्यभर सिमेंटच्या कारखान्यात पोती भरायच्या खात्यात होते. ती धूळ छातीत बसली होती. आता ते पलंगावरच असायचे, खिडकीपाशी उशा रचून. डॉक्टरांनी ताईला बजावलं होतं की घरात झाडू फिरवायचा नाही, कणभर धूळ उडता कामा नये. म्हणून ती रोज हिरवं मशीन फिरवायची, आणि नेमकं तेच आता ओढेनासं झालं होतं.

"नवीन घे ना ताई," हा म्हणाला. "भाचा पाठवतो म्हणतोय."

"नवीन आणलं तर तू काय करशील? माश्या मारशील?" ताई म्हणाली. "आणि ते नवीन मला समजत नाही. हे माझ्याशी बोलतं. नीट करून दे. त्यांच्या छातीचा प्रश्न आहे, नुसत्या सतरंजीचा नाही."

"देतो."

"देतो नाही. कधी?"

"बस इथेच. तुझ्या समोर करतो. बहिणीचा आणि पोलिसाचा तगादा मला सोसत नाही."

मशीन उघडलं तेव्हा मी फळीला टेकून उभा होतो. मला त्यातलं कळतं असं नाही, पण उघडं मशीन आणि उघडं भांडण बघायला कोणाला आवडत नाही? झाकणाचं रबर वाळलेल्या सालीसारखं झालं होतं, बोट लावलं की तुकडे पडत होते. पिशवीच्या तोंडाचं उलट, वितळून चिकट झालेलं, बोटाला काळं लागत होतं. त्याने पातळ पट्टीने खोबणीतलं जुनं रबर खरवडलं, स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं, सुताने माप घेतलं आणि नवी पट्टी मापाहून थोडी लांब कापली.

"लांब झाली की रे," मी म्हणालो.

"सील ताणून बसवायचं नसतं, दाटून बसवायचं असतं. ताणलेलं रबर आज बसतं आणि उद्या आक्रसून जोड उघडतं." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला आता समजलं असेल तर त्या डब्यावरून ऊठ. चिकटवायचं सोल्युशन त्यात आहे."

जोड तिरपा कापला, चिकटवला, वजनाखाली दाबून ठेवला. मोटारीपाशी जाड लोकरीच्या कापडाची चकती बदलली. तोवर वहिनींनी नवी पिशवी शिवून पुढे सरकवली. आता राहिला पिशवीच्या तोंडावरचा पितळी पट्टा. तो एका स्क्रूने आवळतात. कमी आवळला तर धूळ पिशवीच्या बाजूने निसटते, मोटारीतून जाते आणि मागच्या जाळीतून पिठासारखी खोलीत उडते. जास्त आवळला तर नवं रबर चिरडतं. किती आवळायचा याचं माप नाही. मशीन चालू ठेवून, झाकण लावून, बाजूच्या भोकातून स्क्रू फिरवत जायचा, शिट्टी बारीक होत जाते, आणि ती थांबली की हात थांबवायचा. हे माप सगळं कानात.

त्याने मशीन चालू केलं. स्क्रू एकदा फिरवला. थांबला. दारात येऊन पाठ करून उभा राहिला, डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर एक समाधान पसरलं.

"झालं," तो म्हणाला. "एकदम गप्प."

मी तोवर दुकानातून निघून सलूनमध्ये पोचलो होतो, त्यामुळे आत काय झालं ते मला पुढे आमच्या घरून कळलं, आणि आमच्या घरी ते वहिनींकडून. शिवणाच्या मशीनवर बसलेल्या वहिनींना शिट्टी स्पष्ट ऐकू येत होती. बारीक, पण अखंड. त्या वाट बघत राहिल्या की आता हा वळेल, आता सांगेल. हा म्हणाला, गप्प. तेव्हा किटली, घंटी, उशिराचं हसू, सगळं वहिनींना एका क्षणात उमगलं. तोंड उघडलं होतं त्यांनी. पण समोर ताई उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून वहिनींनी शब्द गिळला. ताई भावाकडे अशी बघत होती की जणू ती सणसणीत थप्पड आज फळाला आली.

"ताईंसमोर सांगितलं असतं तर त्यांचं काय राहिलं असतं?" वहिनी पुढे म्हणाल्या. "म्हटलं, एकटे असताना सांगेन. मग एकटे असताना म्हटलं, आधी आपणच जाऊन पट्टा आवळून येऊ, म्हणजे सांगायलाच नको."

त्या गेल्या, पण लगेच नाही. जाऊ जाऊ म्हणता दिवस गेले. नवी पिशवी शिवल्याचं निमित्त करून एका दुपारी त्या ताईच्या घरी पोचल्या तेव्हा ताई मशीनच फिरवत होती. खिडकीतून ऊन तिरपं आत आलं होतं आणि त्या उन्हाच्या पट्ट्यात मशीनच्या मागून धुरासारखं काहीतरी निघताना दिसत होतं. शिट्टी वाजत होती. पलंगावर दाजी तोंडाला रुमाल लावून बसले होते. खोकला आला की त्यांचे खांदे वर जायचे आणि खाली यायला वेळ लागायचा.

"खोकला वाढलाय," ताई म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, असाच वाढणार."

वहिनींनी विचारलं, "ताई, हे मशीन वाजतंय, तुम्हाला ऐकू नाही येत?"

"येतं ना. मलाही वाटलं वाजतंय. पण तो म्हणाला ना, गप्प आहे म्हणून. त्याने ऐकलंय. माझे कान आता म्हातारे झाले, त्यात काहीतरी वाजत असेल."

पिशवी त्यांच्या हातातच राहिली. त्यांना ताईचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण ही बाई भावाच्या कानांवर विश्वास ठेवून स्वतःच्या कानांना खोटं पाडत होती, आणि तिकडे नवरा खोकत होता.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमचे कान ठीक आहेत."

ताईने मशीन बंद केलं. पलंगावरून दाजी म्हणाले, "मला वाटत होतंच. पण हिच्या माहेरचं मशीन, मी कशाला बोलू?" एवढं बोलायलाही त्यांना मधे दोनदा थांबावं लागलं.

ताई म्हणाली, "चल."

त्या दोघी गल्लीत शिरल्या तेव्हा मी सलूनच्या बाकावर होतो. एकीने मशीनची कडी धरलेली, दुसरीने नळी. एरवी मी काहीतरी टोमणा मारला असता. ताईचा चेहरा बघून तो घशातच राहिला, पण पाय मात्र आपसूक रस्ता ओलांडून गेले. सलूनवाला गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडून मागोमाग आला.

ताईने मशीन कामाच्या ओट्यावर ठेवलं. "वाजतंय."

"शक्यच नाही," तो म्हणाला. दुखावला होता. "तुझ्यासमोर केलंय. थांब, दाखवतो."

बटण दाबलं. शिट्टी आली. मला आली, सलूनवाल्याला आली, अर्धी दाढी घेऊन उगाच मागून आलेल्या गिऱ्हाइकालाही आली. हा मशीनकडे पाठ करून दारात उभा राहिला, म्हणजे आमच्यासमोर. डोळे मिटलेले. आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत होतो आणि त्याच्या मागे ते हिरवं मशीन सुरूच होतं.

डोळे उघडून म्हणाला, "बघ. गप्प."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. सलूनवाल्याकडे पाहिलं, तो हातातला वस्तरा पुसायला लागला. एवढ्या बडबड्या माणसांनी एकदम तोंडं मिटली म्हटल्यावर त्याला समजायला वेळ लागला नाही.

ताईने पुढे होऊन त्याचा हात धरला, लहान मुलाचा धरतात तसा, आणि त्याचं बोट मागच्या जाळीवरून फिरवलं. बोटाला राखाडी पीठ लागलं. ते त्याने उजेडात धरलं, अंगठ्याने चोळून पाहिलं. मशीन बंद करून झाकण काढलं. पितळी पट्ट्याच्या एका बाजूने आतल्या पत्र्यावर धुळीचा पंख्यासारखा पसरट डाग उमटला होता. इतका स्वच्छ डाग, की मलासुद्धा कळलं कुठून निसटतंय.

"वाजत होतं?" त्याने वहिनींना विचारलं.

"हो."

"केव्हापासून?"

"तुम्ही झालं म्हणालात तेव्हापासून."

"तू ऐकलंस."

"ऐकलं."

"आणि बोलली नाहीस."

"ताई उभ्या होत्या," वहिनी म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

ताई एकदम कडाडली, "कान गेले तर गेले! माणसाचे जातात. पण लपवायचं कशाला? तिथे ते खोकून खोकून..."

"लपवलं नाही ताई," तो म्हणाला. अगदी हळू. "मला कळलंच नाही. हल्ली मी केलेलं एकही मशीन वाजत नव्हतं. मला वाटलं, माझा हात सुधारला."

आमच्या गल्लीत वर्षातून एखादंच असं वाक्य ऐकायला मिळतं की जे महिनाभर पुरवून पुरवून सांगावं. ते मी त्या दिवशी घरी जाऊनही सांगितलं नाही. सलूनवाल्यानेही नाही. तो गेला आणि राहिलेली अर्धी दाढी त्याने एक शब्द न बोलता केली.

दुकानाचं शटर खाली आलं. पुढे बरेच दिवस ते तसंच होतं. वहिनी सांगायच्या, घरात बसून असतात, विचारलं तर मान हलवतात, हातात एक जुना पितळी पट्टा घेऊन फिरवत राहतात. काम मोठं नव्हतं. स्क्रूचा जेमतेम अर्धा फेरा. पण तो अर्धा फेरा कुठे थांबवायचा हे आता त्याला कळणार नव्हतं, आणि हेच त्याला सहन होत नव्हतं. हिरवं मशीन दुकानात अंधारात पडलं होतं. ताई ओल्या फडक्याने गुडघ्यावर बसून फरशी पुसत होती.

मुलाने त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. कानात घालायचं यंत्र आलं. आता खरी गंमत ऐका: ते यंत्र कानात नीट बसेना आणि स्वतःच शिट्टी मारायला लागलं. हा आपला समोरच्याकडे बघत बसलेला, आणि याच्या कानातून शिट्टी! वहिनी म्हणाल्या, "अहो, तुमचा कान वाजतोय." त्याने बोटाने दाबून पाहिलं आणि म्हणाला, "बसवणाऱ्याने सील ताणून बसवलंय." त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला असं वहिनींनी आमच्या घरी सांगितलं, आणि सांगता सांगता रडल्या.

यंत्राने माणसांचं बोलणं समजायला लागलं. पण मोटार चालू केली की त्यात नुसता गडगडाट व्हायचा, आणि ती बारीक शिट्टी काही परत आली नाही. येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं.

मग दाजींचा निरोप आला. ताई स्वतः सांगायला आली. "ते म्हणतात, मशीन घेऊन ये आणि इथे माझ्यासमोर लाव. म्हणतात, छाती गेलीय पण कान शाबूत आहेत, ते घे."

हा दोन दिवस टाळत होता. तिसऱ्या दिवशी मशीन उचललं. मी नळी धरली, कारण ती कोणीतरी धरायलाच हवी होती.

दाजींच्या खोलीत त्याने मशीन पलंगाजवळ ठेवलं आणि हात तसेच गुडघ्यांवर टाकून बसून राहिला. मान वर करेना.

"दाजी," तो म्हणाला, "ती धूळ तुमच्या..."

"गप रे," दाजी म्हणाले. एकेक शब्द ते श्वास गोळा करून बोलत होते. "कारखान्यात मी पोत्यांनी खाल्ली. तुझी ती चिमूटभर. हिशेबात धरू नको." थोडं थांबून म्हणाले, "लाव. मी बोट वर धरतो. वाजतंय तोवर वर. थांबलं की खाली."

"तुम्हाला समजेल?"

"तुझ्या बहिणीशी संसार केलाय. बारीक आवाजात काय चाललंय ते ऐकायची मला सवय आहे."

ताई दारातून म्हणाली, "मरायला टेकलेत पण जीभ बघा." आणि वळून आत गेली. डोळे पुसायलाच गेली असणार, दुसरं काय.

मशीन चालू झालं. दाजींनी डोळे मिटले आणि बोट वर केलं. हाडकुळं, निळसर नखाचं बोट. कानसेनने स्क्रूड्रायव्हर बाजूच्या भोकात घातला, पण तो मशीनकडे बघत नव्हता. दाजींच्या बोटाकडे बघत होता. हळूहळू फिरवत गेला. शिट्टी बारीक झाली. बोट वरच. आणखी बारीक झाली. त्याच्या कपाळावर घाम आला होता, पण पुसायला त्याने हात सोडला नाही. मग बोट खाली यायला लागलं, अगदी सावकाश, जणू त्यालाही खात्री करून घ्यायची होती, आणि पांघरुणावर टेकलं.

हात थांबला.

"बस," दाजी म्हणाले. "एकदम गप्प."

त्याने मशीन बंद केलं नाही. उन्हाच्या पट्ट्यात जाऊन बराच वेळ मागच्या जाळीकडे बघत राहिला. तिथून नुसती हवा निघत होती. मग त्याने पलंगाच्या कडेला डोकं टेकलं. दाजींनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळ्यांनीच मला बाहेर जायला सांगितलं. मी गेलो. जायला नको वाटत होतं, पण गेलो.

त्यानंतर दुकान उघडलं. आता शिवणाचं मशीन खिडकीखालून उचलून पुढे ओट्याजवळ आणलंय. बटण दाबलं की हा मशीनकडे पाठ करत नाही, वहिनींकडे तोंड करून बसतो. वहिनी डाव्या हाताने कापड धरतात आणि उजवं बोट वर करतात. एकदा त्या माझ्याशी बोलण्याच्या नादात बोट खाली घ्यायला विसरल्या, तर त्याने रबर चिरडलं आणि दोघांनाही झापलं. सलूनवाल्याने नाव बदलून बोटसेन करायचं सुचवलं. मी म्हटलं, अजिबात नाही, नाव मी ठेवलंय. सलूनमध्ये आता मोकळेपणाने काहीही बोलता येतं. सलूनवाला मात्र हल्ली बोलताना आवाज चढवतो आणि समोर बघून बोलतो, म्हणजे कानसेनला ओठ दिसावेत.

दाजी थंडी संपता संपता गेले. डॉक्टर म्हणाले होते त्याहून थोडे जास्तच काढले त्यांनी. कानसेन शेवटच्या आठवड्यात रोज तिथे जायचा, मशीन फिरवायचा आणि ताईला हात लावू द्यायचा नाही.

काही दिवसांनी ताई हिरवं मशीन घेऊन दुकानात आली. ओट्यावर ठेवलं. "हे तू ठेव. आता घरात धूळ झाली तरी कोणाला काय होणार आहे?"

त्याने मशीनची कडी पुसली, वायर सॉकेटमध्ये घातली, बटण दाबलं आणि वहिनींकडे बघितलं. वहिनींनी बोट वर केलं नाही. हात मांडीवरच ठेवला.

"झालं ना, बंद कर," ताई म्हणाली.

आणि मग स्वतःच म्हणाली, "थांब. राहू दे जरा."

ती दारापाशी आली, मशीनकडे पाठ केली आणि डोळे मिटले. मोटारीची घरघर तेवढी येत होती, दुसरं काही नाही. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. रस्त्यावरून जाणारे वळून बघत होते. सलूनवाल्याने एका गिऱ्हाइकाला हातानेच थांब म्हणून सांगितलं.

डोळे उघडून ती म्हणाली, "घरी नेते. खिडकीपाशी फार धूळ येते."

कडी तिने धरली आणि नळी माझ्या हातात दिली. वळणापर्यंत जाईतो तिने मला तीनदा बजावलं की हळू चाल, आपटू नकोस, आत पट्टा लावलेला आहे, तो हलता कामा नये.